फिरसे बाबूंचं टेबल

एका सरळ माणसाला मी चोर ठरवलं. त्यासाठी मला खोटं बोलावं लागलं नाही, नुसतं गप्प राहावं लागलं. या गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं झाली. माझी मुलगी कॉलेजात जाते, फॅक्टरीत नवी पोरं मला उठून नमस्कार करतात, आणि दर नमस्काराला मला वाटतं, यांना कुणीतरी खरं सांगायला हवं. ते माझंच काम होतं. मी ते वर्षानुवर्षं केलं नाही.

पण तो माणूस कसा होता हे आधी सांगितलं पाहिजे. नाहीतर मी काय मोडलं ते कळायचं नाही.

जबलपूरला गढा नावाच्या जुन्या वस्तीत ते माझे घरमालक होते. मी त्यांना काका म्हणत असे. आम्ही दोघं एकाच फॅक्टरीत होतो. मी स्टोअरमध्ये नवा कारकून, ते लाकूडकामाच्या सेक्शनमध्ये जुने तपासनीस. दारूगोळा भरायच्या लाकडी पेट्या तिथे बनत. प्रत्येक पेटी त्यांच्या हाताखालून जाई आणि पसंत पडली तर तिच्यावर त्यांचा शिक्का बसे. पसंत सहसा पडत नसे. ते डोळे मिटून पेटीवरून तळहात फिरवत, हात कुठेतरी थांबे, आणि ते म्हणत, "फिर से." रागावणं नाही, समजावणं नाही. पेटी परत. सुतारांनी त्यांचं नावच फिरसे बाबू ठेवलं होतं. ते येताना दिसले की कोणीतरी हाळी देई, "रंदा मार ले भैया, फिरसे बाबू आ गए!"

मी एकदा विचारलं, "काका, तुम्हाला राग नाही येत?"

"काहून यावा? मी म्हणतोच न फिर से. ते काही खोटं तर बोलून नाही राहिले."

मी अमरावतीहून आलो आणि त्यांची मागची खोली पाहायला गेलो, तेव्हा त्यांनी माझं गाव, घराणं, पगार काही विचारलं नाही. माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. खाली बसून माझ्या ट्रंकेवरून हात फिरवला.

"कोपरा ठेचला आहे."

"रेल्वेत झालं असेल."

"असेल? ट्रंक तुझी आहे न?"

मी गोंधळून उभा राहिलो. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, पोरगं ठेवून घ्यायचं आहे, पेटी नाही!" तेव्हा कुठे ते उठले. खोली मला मिळाली ती काकूंच्या शब्दावर, असं मी अजून मानतो.

घरात शिरलं की पहिल्यांदा टेबल लागे. लागे म्हणजे खरोखरच मांडीला लागे, कारण पुढची खोली लहान आणि टेबल सहा माणसांचं. छावणीतला कोणी साहेब देश सोडून गेला तेव्हा त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला, त्यात काकांनी ते घेतलं होतं. अस्सल सागवान. पण वरचं पॉलिश काळवंडून पापुद्रे सुटलेलं, सिगारेटींचे डाग, पेल्यांचे गोल वळ, एक पाय कुत्र्याने चावलेला. काका म्हणाले होते, "याचं काहीतरी करता येईल." त्या दिवसापासून ते त्याचं काहीतरी करत होते.

आधी फुटक्या काचेच्या धारेने जुनं पॉलिश खरवडायचं. मग रेगमाल, म्हणजे घासायचा काचकागद, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, कधीच आडवा नाही. भेगांत खडूची भराई. पुन्हा रेगमाल. मग चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, मलमलच्या फडक्यात कापूस बांधून केलेल्या पोटलीने एकावर एक पातळ हात. शेवटी दार सताड उघडून ते उजेडात तिरपे वाकून पाहत. मी आणि काकू श्वास धरून उभे. कुठेतरी पोटलीचा फेरा उमटलेला दिसे, नाहीतर पावसाळी हवेने लाखेवर पांढरट साय धरलेली असे. काका सरळ होत. आम्हाला शब्द ऐकायची गरजच नसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा काच.

म्हणजे त्या टेबलावर कधी कोणी जेवलंच नव्हतं. त्यावर पेला ठेवायचा नाही, वर्तमानपत्र ठेवायचं नाही, हात टेकायचा नाही. आम्ही तिघं त्याच्या शेजारी जमिनीवर पाट मांडून जेवायचो आणि ते आमच्या डोक्यापेक्षा उंच, रिकामं उभं असायचं. शेजारच्या बाईने एकदा त्यावर मेथीची जुडी ठेवली, तर काकांनी ती दोन बोटांनी उचलून तिच्या पिशवीत परत घातली. काकू टेबलाला सवत म्हणत. "माझी सवत पाहिली का? दर आठवड्याला न्हाऊ घालतात तिला. मला साधा साबण आणायचं लक्षात राहत नाही."

एका लग्नात नवरदेवाचा चौरंग डुगडुगला. काकांच्या कानांनीच ते टिपलं. अंतरपाट धरला होता, भटजी घाई करत होते, आणि हे गृहस्थ गुडघ्यावर बसून काडेपेटीचा तुकडा चौरंगाच्या पायाखाली सरकवत होते. वधूपिता रडकुंडीला आले. "अहो, मुहूर्त टळून राहिला!"

"बूड पक्कं नको का?"

काकू बायकांत बसून म्हणाल्या, "आमच्या लग्नात यांना तपासायला वेळ नाही मिळाला, म्हणून मी पास झाली." सगळ्या बायका हसल्या. काकाही थोडे हसले असं मला वाटलं, पण त्यांचा हात अजून चौरंगावरच होता.

त्यांची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एकदा रेल्वेच्या सायडिंगवर माल चढवताना एक पेटी तळातून निसटली. रिकामी होती म्हणून निभावलं. खिळे आखूड मारले होते, आणि कोणी मारले ते सगळ्या सेक्शनला ठाऊक होतं. तो सुतार घाबरून कोपऱ्यात उभा होता. काका मॅनेजरसमोर जाऊन म्हणाले, "साहब, ठप्पा मेरा है."

"अरे, कीलें आपने थोड़े ही ठोकी हैं."

"ठप्पा मेरा है तो पेटी मेरी है."

त्यांची त्या वर्षीची वेतनवाढ थांबली. काकूंनी घर डोक्यावर घेतलं. "खिळे त्यानं मारायचे अन् भोगायचं आपण?" काका शांतपणे म्हणाले, "माझं नाव आहे न त्यावर? मग कोणाकडे बोट दाखवू?" त्या सुताराला ते त्यावरून कधी एक शब्द बोलले नाहीत. त्याची पुढची पेटी आली, तेव्हा मात्र नेहमीसारखा हात फिरवून म्हणाले, "फिर से."

मी त्यांच्याकडे राहायला गेलो तेव्हाच काकूंचे गुडघे दुखत होते. पाहता पाहता फार बिघडले. जेवायला बसताना त्या दाराची चौकट धरून थोडं थोडं खाली येत. उठताना एक तळवा जमिनीवर, दुसरा माझ्या खांद्यावर, आणि स्वतःलाच म्हणत, "चलो." काकांनी कधी त्यांना हात दिला नाही. ते तेवढ्यापुरतं ताटात पाहत, नाहीतर टेबलाकडे.

एकदा काका बाहेर होते तेव्हा काकू मला म्हणाल्या, "खुर्चीवर बसून जेवता आलं असतं रे. जेवण आता मला नको वाटते, बसायचं आहे म्हणून. दुपारी एकटी असली की चुलीपाशी उभ्यानंच खाते. यांना नको सांगू."

मी तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा होतो. आईपासून दूर होतो. माझा डबा काकूच भरून देत. मला वाटलं, हे टेबल पुरं झालंच पाहिजे.

एकाहत्तरच्या हिवाळ्यात लढाई येणार येणार असं झालं. फॅक्टरीत पाळ्या वाढल्या, खिडक्यांना काळे कागद लागले, पेट्यांचे ढीग आकाशाला भिडले. बाजारातून स्पिरिट नाहीसं झालं. काका सायकलवर गढ्यापासून सदर बाजारापर्यंत फिरले आणि रिकामी बाटली घेऊन परत आले. टेबल खरवडून, घासून तयार होतं. कोरडी हवा, पॉलिशसाठी याहून चांगला काळ नव्हता.

"आता?" काकूंनी विचारलं.

"लढाई आहे. टेबल थांबेल."

काकू चौकट धरून खाली बसल्या.

स्पिरिट माझ्या स्टोअरमध्ये होतं. पिंपात. मी खोकल्याच्या औषधाची एक रिकामी बाटली धुऊन घेतली आणि भरली. आता ती बाहेर कशी न्यायची? गेटवर रोज तलाशी होत असे. प्रत्येकाचा डबा उघडत, पिशवी उलटी करत. फक्त एका माणसाचा डबा कधीच उघडत नसत. गेटवरचा म्हातारा दरबान, ज्याला सगळे ठाकूर म्हणत, काकांना पाहिलं की काठी बाजूला घेई. "जाइए बाबूजी. आपका क्या देखना."

लाकडाचा भुसा नको म्हणून काका दुपारी माझ्या स्टोअरच्या ओसरीत जेवायला येत. जेवण झालं की दोघांचे डबे मी नळावर घासत असे. वडीलधाऱ्या माणसाचं एवढं करावं, असं मला घरी शिकवलेलं. त्यांचा डबा चार पुड्यांचा, स्टीलचा, वर त्यांचं पूर्ण नाव कोरलेलं, आपण भांड्यांवर कोरून घेतो तसं. सगळ्यात खालच्या पुड्यात ती बाटली बरोबर मावली. घरी आल्यावर, काकू डबा उघडायच्या आधी, मी ती काढून घेतली.

संध्याकाळी मी बाटली काकांपुढे ठेवली. "बाजारातल्या दुकानदाराकडे थोडं उरलं होतं."

त्यांनी झाकण उघडून वास घेतला. "चांगलं आहे," म्हणाले. ट्रंकेचा ठेचलेला कोपरा पाहणारा तो माणूस माझ्या शब्दावरून मात्र हात फिरवून पाहू शकला नाही. खोटं बोलावं लागलं नाही असं मी वर लिहिलं. ते गेटपुरतंच खरं आहे.

नंतरचे दिवस त्या घरातले सगळ्यात चांगले होते. टेबलाला असा रंग चढला की काकू येता-जाता थांबून पाहत. सागवानाच्या रेषा खालून उजळल्यासारख्या दिसत. एका सकाळी काकांनी दार उघडून तिरपं पाहिलं. आम्ही वाट पाहत राहिलो. ते सरळ झाले आणि म्हणाले, "अजून थोडं स्पिरिट मिळालं, तर संक्रांतीला यावर जेवू."

काकूंनी तोंडावर पदर घेतला. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा दिवस सांगितला होता. "ऐकलं न रे तू? तू साक्षी आहेस. संक्रांत म्हटलं यांनी!"

मग मी दुसरी बाटली भरली.

तोपर्यंत लढाई सुरू झाली होती. गेटवर ठाकूरच्या जोडीला नवा हवालदार आला होता. मी ते पाहिलं होतं. पण ठाकूर आहे न, असं मनाशी म्हटलं. मला माझ्या हुशारीचा भरवसा नव्हता, काकांच्या सचोटीचा होता. तिच्यावर मी माझी चोरी लादली.

भोंगा झाला. सायकली हातात धरून माणसांची रांग सरकू लागली. काका पुढे, दोन-तीन माणसं सोडून मागे मी. ठाकूरने नेहमीसारखी काठी बाजूला घेतली. हवालदार म्हणाला, "इनका क्यों नहीं?"

"साहब, ये हमारे फिरसे बाबू हैं. इनका रहने दीजिए."

"आज से सबका खुलेगा."

ठाकूर अवघडून उभा राहिला. हवालदारही क्षणभर घुटमळला. तेवढ्यात काका गेले असते तर कदाचित सुटले असते. पण त्यांनी स्वतः सायकलच्या हँडलला टांगलेला डबा काढला आणि ठाकूरपुढे धरला. "खोलो ठाकुर. सबका खुलेगा तो मेरा भी खुलेगा. नियम है."

ठाकूरने एकेक पुडा उचलला. शेवटच्या पुड्यात बाटली निघाली.

हवालदाराने विचारलं, "ये क्या है?" काकांनी बाटली घेतली, झाकण काढून वास घेतला. आदल्या बाटलीचा घेतला होता तसाच. त्यांना सगळं तिथेच कळलं. आत्ताचंही आणि आधीचंही. ते वळले. रांगेत त्यांनी मला शोधलं आणि पाहिलं. रागाने नाही. एखाद्या पेटीवर हात थांबावा तसे त्यांचे डोळे माझ्यावर थांबले. मी बोलेन म्हणून ते थांबले होते.

"किसका है?" हवालदार म्हणाला.

माझी नोकरी कच्ची होती. घरी बहीण लग्नाची होती. लढाईत सरकारी मालाची चोरी म्हणजे तुरुंग, असं लोक म्हणत. ही कारणं मी नंतर जमवली. त्या वेळी फक्त भीती होती, आणि पुढच्या माणसाच्या पाठीआड मी थोडा सरकलो.

काकांनी ते सरकणं पाहिलं. मग ते हवालदाराकडे वळले. "डिब्बे पर नाम मेरा है."

त्यांना घेऊन गेले. माझाही डबा उघडला. रिकामा होता. मी सायकलवर बसून घरी आलो आणि काकूंना म्हणालो, "काकांना आज उशीर होईल."

ते अंधार पडल्यावर आले. चपला काढल्या, हात-पाय धुतले आणि म्हणाले, "माझ्या डब्यात फॅक्टरीचं स्पिरिट सापडलं. उद्यापासून जायचं नाही."

"तुमच्या डब्यात?" काकूंना काही समजेना. "टेबलासाठी?"

काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "हो. टेबलासाठीच."

ते खोटं बोलले नाहीत. ते कधीच बोलत नसत. स्पिरिट टेबलासाठीच होतं.

सकाळी मी खरवडण्याच्या आवाजाने जागा झालो. काका टेबलावर ओणवे झाले होते, हातात काच. ते चमकणारं पॉलिश पिवळ्या भुकटीसारखं खाली पडत होतं. काकू दारात उभ्या राहून रडत होत्या. "अहो, झालं होतं न ते! कोणासाठी खरवडून राहिले आता?"

"चोरीचं आहे," काका म्हणाले.

संध्याकाळी मी कामावरून आलो तेव्हा टेबल संपूर्ण कोरं झालं होतं, उघड्या हाडासारखं. त्यांनी काच फेकून दिली होती, रेगमाल, पोटल्या सगळं फेकून दिलं होतं. काकू पाट मांडू लागल्या तर म्हणाले, "वर मांड."

"त्यावर काहीच नाही लावलेलं. तेल उतरेल, डाग पडतील."

"पडू दे."

असे आम्ही तिघं त्या टेबलावर पहिल्यांदा जेवायला बसलो. काकूंना खुर्चीवर बसायला मिळालं. त्यांच्या हातून वरणाचा थेंब सांडला आणि कोऱ्या लाकडात पिवळा होऊन पसरला. त्या पदराने पुसायला धावल्या. काका नुसते पाहत राहिले. मला घास गिळता आला नाही, तरी मी जेवलो. न जेवण्याचं कारण सांगावं लागलं असतं.

चौकशी झाली. मला कोणी काही विचारलं नाही. लाकूडकामाच्या सेक्शनलाही पॉलिशसाठी स्पिरिट मिळत असे, त्यांनी तिथूनच उचललं असं सगळ्यांनी धरलं. लढाई संपली, रस्त्यावर पेढे वाटले गेले, आणि त्याच सुमारास काकांची नोकरी गेली. सेक्शनमध्ये एक सुतार हसत म्हणाला, "देखा? दूसरों का माल फिर से, अपना माल घर में." ज्याच्या आखूड खिळ्यांसाठी काकांनी वेतनवाढ गमावली होती, तोही तिथे उभा होता. तो काही बोलला नाही. मी कोण त्याला नावं ठेवणारा? ठाकूर मात्र त्यानंतर कोणाहीसाठी काठी बाजूला घेत नसे.

काका घरी बसले. मला सगळ्यात असह्य झालं ते हे, की त्यांनी तपासणं सोडून दिलं. करपलेली पोळी खाऊ लागले. दाराचा कडीकोयंडा निखळला तर निखळलेलाच राहिला. गरम पातेलं टेबलावर ठेवलं जाई, त्याचे काळे वळ उठत, आणि काका त्या वळांच्याच शेजारी हात ठेवून बसत. तो हात कशावरही फिरत नसे. काकू मला हळूच म्हणत, "यांना आता काहीही चालते रे. मला भीती वाटते."

मी दुसरी खोली पाहिली. निघताना पाया पडायला वाकलो. काका पाय मागे घेतील असं वाटलं होतं, घेतले नाहीत. काकू आत लाडू बांधून देत होत्या. त्या ऐकू शकणार नाहीत इतक्या हळू आवाजात ते म्हणाले, "आता कुणाचा डबा घासू नको."

त्यानंतर ते सहा-सात वर्षं जगले. त्याच शहरात मी होतो. कधी बाजारात दिसले तर मी गल्ली बदलली. ते गेल्याचं फॅक्टरीतल्या एकाने सांगितलं, जेवणाच्या सुटीत, इकडच्या तिकडच्या गप्पांत. "वो स्पिरिट वाले बाबू थे न, वो नहीं रहे." मी दहाव्यालाही गेलो नाही.

यंदा गणपतीत मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला काकूंची भाची भेटली. काकू तिच्याकडे, जबलपूरच्याच महाराजपूर भागात असतात. "आत्या तुमची फार आठवण काढते," ती म्हणाली. "म्हणते, तो आमच्याकडचा पोरगा किती मोठा साहेब झाला, अन् येत काहून नाही?" मी रात्रभर तळमळलो नाही की काही ठरवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी स्कूटर काढली आणि गेलो. बायकोला, मुलीला काही सांगितलं नाही.

काकू पलंगावर पाय पसरून बसल्या होत्या. फार लहान दिसल्या. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. "अरे बापा! वाळला किती! मुलीचं काय चाललं? मराठी बोलते का, की हिंदीच?" भाचीने चहा ठेवला आणि ती आत गेली. मी चहा हातात धरून बसलो. कसं सुरू करावं ते वाटेत ठरवलं होतं, पण काकूंनीच आधी काकांचा विषय काढला.

"लोकांनी फार छळलं रे तेव्हा. भाजी घ्यायला गेली तर बायका कुजबुजायच्या, चोराची बायको आली म्हणून. आधी मला मरणाची लाज वाटे. मग एक दिवस विचार केला. ह्या माणसानं जन्मात फॅक्टरीतून एक खिळा नाही आणला. त्यानं चोरी केली ती कोणासाठी?" त्यांनी आपल्या गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवले. "यांच्यासाठी. एवढ्या संसारात मला कधी विचारलं नाही, दुखते का म्हणून. मला वाटे, याला लाकूड दिसते, बाई नाही दिसत. अन् पाहा. सगळं दिसत होतं त्यांना. आपलं नाव घालवलं माझ्यासाठी." त्यांचा चेहरा उजळला होता. "त्यावरच दिवस काढले रे मी. एकटी असली की तेच आठवते."

मी कबुली द्यायला आलो होतो, आणि ती कबुली काय हिरावून घेईल ते मला आता दिसलं. गप्प राहणं सोपं होतं. दयाळूपणाचंही वाटलं असतं. पण गेटवरही गप्प राहणंच सोपं होतं. आणि काकांच्या नावावर अजून माझी चोरी होती. भले ती काकूंनी प्रेमाने जपलेली असो.

"काकू," मी म्हणालो, "ती बाटली मी ठेवली होती."

त्या क्षणभर तशाच हसत राहिल्या. "काय?"

"स्पिरिट मी चोरलं. डबा घासताना मी आत ठेवलं. आधीची बाटलीही तशीच आणली होती. काकांना काही माहीत नव्हतं. गेटवर कळलं त्यांना. मी मागेच उभा होतो, अन् बोललो नाही. त्यांनीही माझं नाव घेतलं नाही."

बाहेर कोणीतरी हिंदीत भाजी भाजी ओरडत गेलं. काकूंचे हात गुडघ्यांवरच होते, पण आता ते कोणा दुसऱ्याचे असावेत तसे पडले होते.

"म्हणजे यांनी माझ्यासाठी..."

"नाही, काकू."

त्यांनी गुडघ्यांवरून हात काढून घेतले. मग म्हणाल्या, "त्यांना माहीत होतं. एवढी वर्षं एका घरात राहिले, अन् मला नाही सांगितलं. काहून नाही सांगितलं रे?"

मला वाचवायचं होतं म्हणून, की काकूंना काय वाटतं आहे ते त्यांनी ओळखलं होतं म्हणून, की त्यांना कशाचंच काही वाटेनासं झालं होतं म्हणून, हे मला आजही कळलेलं नाही. मी कप खाली ठेवला आणि पलंगाजवळ जमिनीवर बसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"काकू, मी तुमच्या हातचं खाल्लं, अन् काकांची नोकरी घालवली. त्यांचं नाव घालवलं. ते होते तेव्हा यायला पाहिजे होतं, नाही आलो. अन् आज आलो तर तुमच्याजवळ होतं तेही घेतलं. मला माफ करा. त्यासाठीही, अन् यासाठीही."